केपॉरचा कुत्रा

एक मनुष्य दुर्बिणीला डोळा लावून उभा आहे. समोर आल्प्सचा हिमाच्छादित कडा आहे. तिघे चढाईला निघाले होते. हा वाटेवरच्या वेधशाळेत मागे थांबला आणि उरलेले दोघे वर गेले. त्या दोघांपैकी एक जण दुसऱ्याला कड्यावरून ढकलणार आहे. ज्याला ढकलले जाणार आहे त्याला याची कल्पना नाही. दुर्बिणीपाशी उभ्या असलेल्याला मात्र ती पुरती आहे. तो पाहतो. वरपर्यंत पोहोचणार नाही अशा स्वरात सावधगिरीचे दोन शब्द पुटपुटतो. त्याच वेळी खाली गावातल्या हॉटेलात त्या बळीची पत्नी जर्मन संभाषणाची शिकवणी घेत बसली आहे, आणि खोलीतला त्यांचा डॅक्सहुंड जातीचा कुत्रा एकाएकी अस्वस्थ होऊन दाराशी नखे घासू लागतो. मग तो मान वर करून रडतो.

आमच्या आज्यांच्या पिढीला या दृश्याचे भाषांतर करून सांगावे लागले नसते. कुत्रे रडले की कोणीतरी गेले, एवढे ज्ञान त्यांच्यापाशी होते. आल्फ्रेड हिचकॉकच्या १९३६ सालच्या ‘सीक्रेट एजंट’ या चित्रपटातील हे दृश्य आहे. वर्णन केलेल्या प्रसंगानंतर काही वेळाने एक सांकेतिक तार येते आणि कळते, की मेलेला गृहस्थ हेर नव्हताच. चुकीचा माणूस मारला गेला.

हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. आम्ही एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. एम.ए.च्या अभ्यासक्रमात साहित्यकृतीच्या माध्यमांतराचा एक भाग आहे. त्यासाठी कादंबरीवरून चित्रपट ही नेहमीची वाट सोडून कथासंग्रहावरून चित्रपट असे एखादे उदाहरण आम्ही शोधत होतो, आणि तसे शोधताना या चित्रपटाशी येऊन ठेपलो. नंतर कारण बदलले. ते पुढे येईलच.

आधी संहितेविषयी. सॉमरसेट मॉम हा पहिल्या महायुद्धात ब्रिटिश गुप्तहेर खात्यासाठी काम करीत होता. १९१५ पासून त्याचा मुक्काम जिनिव्हात होता आणि १९१७ मध्ये त्याला पेट्रोग्राडला पाठविण्यात आले. नाटककार असणे हीच त्याची वेषांतराची सोय होती. तटस्थ स्वित्झर्लंडमध्ये बसून नाटक लिहिणाऱ्या माणसाकडे कोणी संशयाने पाहत नाही. या अनुभवांतून ‘ॲशेंडेन’ हा कथासंग्रह १९२८ साली प्रसिद्ध झाला. त्यातील नायक ॲशेंडेन हाही लेखकच आहे, आणि त्याचा वरिष्ठ ‘आर’ या एकाक्षरी नावाने वावरतो. कँपबेल डिक्सनने या कथांवरून नाटक लिहिले आणि मॉमच्या कथा व हे नाटक यांच्या आधारे चार्ल्स बेनेटने पटकथा रचली. (गोंधळ टाळण्यासाठी: जोसेफ कॉनरॅडची ‘द सीक्रेट एजंट’ ही १९०७ ची कादंबरी वेगळी. तिच्यावरही हिचकॉकने त्याच वर्षी चित्रपट काढला. नाव आधीच वापरून झाले असल्याने तो ‘सॅबोटाज’ झाला. आमच्या एका विद्यार्थ्याने परीक्षेत दोन्ही एक करून टाकले होते आणि त्याला आम्ही पूर्ण दोष देऊ शकलो नाही.)

पटकथेने मॉमच्या दोन कथा एकमेकींत विणल्या आहेत, आणि आमच्या दृष्टीने चित्रपटाचे सारे मर्म त्या विणीत आहे. ‘द हेअरलेस मेक्सिकन’ या कथेत स्वतःला जनरल म्हणवणारा एक भाडोत्री मारेकरी एका ग्रीक दूताला गाठून त्याच्याजवळचे कागद मिळविण्यासाठी ॲशेंडेनसोबत इटलीत येतो. तो काम उरकतो, पण कागद सापडत नाहीत. मग तार येते: तो ग्रीक दूत आजारी पडल्याने बंदरातून निघालेलाच नाही. कथा तिथे संपते. मॉम पुढे एक शब्द लिहीत नाही. दुसरी कथा ‘द ट्रेटर’. तीत ल्युसर्नमध्ये राहणारा केपॉर हा इंग्रज खरोखरच जर्मनांना विकला गेलेला आहे. त्याच्यामुळे एका तरुण हेराला प्राण गमवावे लागले आहेत. ॲशेंडेन त्याच्या जर्मन पत्नीकडे भाषेची शिकवणी लावतो, दोघांशी ओळख वाढवतो, आणि केपॉर इंग्लंडला जाईल अशी व्यवस्था करतो. तिथे त्याला गोळी घातली जाते. पत्नी रोज टपालाची वाट पाहते. पत्र येत नाही. शेवटी त्यांचा कुत्रा गळा काढतो आणि तिला सारे उमगते.

आता पाहा चित्रपटाने काय केले. दोषी केपॉरची पत्नी, त्याचा कुत्रा, ती जर्मन शिकवणी, हे सर्व उचलले आणि पहिल्या कथेतील निरपराध, बिननावाच्या ग्रीकाच्या मृत्यूला जोडून दिले. मॉमच्या कथेत चुकून मेलेल्या माणसाला घरदार नाही, म्हणून वाचक धक्का खातो, किंचित हसतोही, आणि पान उलटतो. ज्याला घर आहे, बायको आहे, कुत्रा आहे तो तिथे गुन्हेगार आहे, म्हणून वाचक हळहळतो पण न्याय झाला असे मानतो. चित्रपटाने ही दोन्ही कुंपणे काढून टाकली. पडद्यावरचा केपॉर निरपराध आहे, प्रेमळ आहे, थोडा बोलघेवडा आहे, आणि त्याचे कुत्रे घरी त्याची वाट पाहत आहे. रूपांतर म्हणजे कथेशी प्रामाणिक राहणे की न राहणे, असा वाद वर्गात नेहमी रंगतो. इथे अप्रामाणिकपणा असा, की मूळ लेखकाने जे पाहायचे टाळले ते त्याच्याच साहित्याचे तुकडे वापरून त्याला दाखवले आहे.

कथानक थोडक्यात. १० मे १९१६. लंडनमध्ये एका सैनिक-कादंबरीकाराची अंत्ययात्रा होते. पाहुणे गेल्यावर एक हात नसलेला सेवक शवपेटीवरच्या मेणबत्तीवर सिगारेट पेटवतो. पेटी रिकामी आहे. ‘मृत’ लेखकाला आर नवे नाव देतो, ॲशेंडेन, आणि स्वित्झर्लंडला धाडतो. तिथून एक जर्मन हेर अरबस्तानाकडे जाणार आहे. त्याला ओळखून संपवायचे. सोबतीला एल्सा नावाची खात्याने नेमून दिलेली ‘पत्नी’ आणि जनरल. गिरिजाघरातील ऑर्गनवादक त्यांना माहिती देणार असतो. ते पोहोचतात तेव्हा ऑर्गनचा एकच स्वर अखंड वाजत राहिलेला असतो, कारण वादक पट्ट्यांवर मरून पडला आहे. त्याच्या मुठीत कोटाचे एक बटण आहे. हे बटण ज्याच्या कोटाचे तो खुनी. पुढे कॅसिनोत ते बटण जुगाराच्या टेबलावर पडते आणि केपॉर सहजपणे सांगतो, की ते बहुधा माझेच असावे. त्याच्या कोटाला तसलीच बटणे आहेत.

या जागेवर आम्ही चित्रपट पहिल्यांदा थांबवला होता. केपॉर स्वतःहून बोलला नसता तर वाचला असता. त्याच्या मनात लपवण्यासारखे काही नाही, म्हणून तो बोलतो, आणि तेच त्याच्याविरुद्ध पुरावा ठरते.

जनरलची भूमिका पीटर लोरेने केली आहे. तो या चित्रपटात मेक्सिकन नाही, केसविरहितही नाही. कुरळ्या केसांचा, कानात बाळी घातलेला, बायकांच्या मागे धावणारा आणि माणूस मारण्याला हस्तकौशल्य समजणारा प्राणी आहे. लोरे स्वतः १९३३ साली नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून आलेला ज्यू नट होता. लिली पामर ही त्यातील दुसरी नटीही तशीच आलेली. ॲशेंडेन झालेला जॉन गिलगुड त्या सुमारास रंगभूमीवरचा गाजलेला हॅम्लेट होता. हिचकॉकने त्याला हा आधुनिक हॅम्लेट आहे असे सांगून राजी केले अशी हकीकत आहे. ज्यांनी आगरकरांचे ‘विकारविलसित’ अभ्यासाला म्हणून का होईना वाचले आहे त्यांना या आमिषाचा अर्थ लागेल: कृती सोपवलेली आहे, कर्त्याचे मन तीत नाही. गिलगुडला नंतर ही भूमिका फसवी वाटली. हिचकॉकलाही चित्रपट फसल्यासारखा वाटे. फ्रान्स्वा त्रुफोशी झालेल्या प्रदीर्घ मुलाखतीत त्याने कारण दिले, की नायकाला जे काम करायचे आहे ते त्याला स्वतःलाच नकोसे आहे, मग प्रेक्षक त्याच्या बाजूने कसा ओढला जाणार?

कारागीर म्हणून हिचकॉकचे म्हणणे बिनचूक आहे. एक वर्ष आधीच्या ‘द थर्टी नाइन स्टेप्स’मध्ये नायक निर्दोष होता, पळत होता, आणि प्रेक्षक त्याच्याबरोबर पळाला. ‘सीक्रेट एजंट’मध्ये नायक पळत नाही, उभा राहतो. चढाईच्या वाटेवर त्याला माघार घ्यावीशी वाटते, तो परत फिरू या असे सुचवूनही पाहतो. पण जनरल त्याला समजुतीने सांगतो, की तुम्ही इथेच थांबा, पुढचे माझ्यावर सोडा. तो थांबतो. आम्हांला वाटते, की हिचकॉकला जो दोष दिसला तोच या चित्रपटाचा विषय आहे, आणि तो त्याच्या हातून कदाचित नकळत घडला.

दुर्बिणीवरून आमच्यात मतभेद आहे. तो लपवण्याचे कारण नाही. आमच्यापैकी एकीचे म्हणणे असे, की दुर्बीण ॲशेंडेनला दूर ठेवण्यासाठी नाही, जवळ आणण्यासाठी आहे. तो डोळा बाजूला करू शकला असता, त्याने केला नाही, यात पापाचा स्वीकार आहे. दुसऱ्याचे म्हणणे याच्या उलट. दुर्बिणीने दृश्य जवळ येते पण हात जवळ येत नाही, आणि हीच तर सुशिक्षित माणसाची आवडती जागा: सर्व दिसावे, आणि पोहोचणे मात्र अशक्य असावे. या वादात आम्ही एका संध्याकाळी बराच वेळ घालवला. मग वाद एकाएकी थांबला, कारण आम्ही चित्रपटाविषयी बोलत नव्हतो हे दोघांच्याही लक्षात आले.

काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या परीक्षेतील गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या समितीवर आम्ही दोघेही होतो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा समोर आणला गेला. त्याच्या बाकाखाली कॉपीची चिठ्ठी मिळाली होती. हस्ताक्षर जुळते का, हे पाहण्याचे काम मराठीचे शिक्षक म्हणून साहजिकच आमच्याकडे आले. चिठ्ठीतला ‘ल’ हिंदी वळणाचा, दंडाचा होता, ‘श’ही तसाच. मुलाच्या उत्तरपत्रिकेतला ‘ल’ आणि ‘श’ याच वळणाचे. वर्गातल्या बहुतेकांचा ‘ल’ पाकळीचा असतो असे आम्ही समितीला सांगितले; मराठीचा ‘ल’ पाकळीयुक्त आणि ‘श’ देठयुक्त असावा असा २००९ चा शासन निर्णय आहे, तोही आम्ही सांगितला असणार, कारण असे काही सांगण्याची संधी आमच्या विषयाला क्वचित मिळते. मुलाला चिठ्ठी दाखवली तेव्हा तो म्हणाला, “सर, अक्षर माझ्यासारखंच आहे. पण चिठ्ठी माझी नाही.” पहिले वाक्य अहवालात गेले.

त्याच्या त्या सत्राच्या सर्व विषयांची परीक्षा रद्द झाली. अहवाल आमच्यापैकी एकाने लिहिला, दुसरीने वाचून सही केली. दोघांपैकी कोण दुर्बिणीपाशी होते आणि कोण कड्यावर, हे आता आम्हांला निश्चित सांगता येत नाही.

आमची तार पाच-सहा महिन्यांनी आली. दाखला न्यायला आलेल्या दुसऱ्याच एका विद्यार्थ्याने स्टाफरूमबाहेर गप्पा मारता मारता सांगितले, की ती चिठ्ठी त्याची होती. भरारी पथक आले तेव्हा त्याने ती पुढे सरकवून दिली. तो हसत होता. वाईट मुलगा नव्हता. त्याला वाटले, एवढ्या दिवसांनी गंमत म्हणून सांगायला हरकत नाही. दंडाचा ‘ल’ त्याचाही होता. संगणकावरचे बरेच फॉन्ट तसाच ‘ल’ दाखवतात आणि मुले तो पाहून तसाच काढू लागतात, ही गोष्ट आम्हांला त्या आधी सुचायला हवी होती.

चित्रपटात तार येते तेव्हा तिघे एका खाणावळीत बसले आहेत. गावकरी मंडळी वाडग्यांत नाणी गरागरा फिरवून त्यांच्या नादावर गाणे म्हणत आहेत. तार उलगडून वाचली जाते: चुकीचा माणूस, दुसरीकडे शोधा. जनरल हसू लागतो. हसू आवरतच नाही. एल्साच्या डोळ्यांसमोर मात्र नाण्यांच्या जागी बटण फिरत राहते आणि नाद वाढत जातो. संवाद जवळजवळ नाही. हिचकॉक मूकपटांतून आलेला असूनही, किंवा कदाचित म्हणूनच, या चित्रपटात ध्वनीचा विचार फार खोलवर केलेला आहे. मेलेल्या वादकाचा न संपणारा स्वर, घंटाघरातील कान फोडणारी घंटा, कुत्र्याचे रडणे, वाडग्यातले नाणे. माणसे जे बोलत नाहीत ते या चार आवाजांत आहे. नंतर येणारी चॉकलेटच्या कारखान्यातील धावपळ रंजक आहे, पण तिच्याविषयी आम्हांला विशेष सांगायचे नाही. चित्रपट आम्हांला जिथे घेरतो ती जागा मागे राहिलेली असते.

मॉमने जिथे पूर्णविराम दिला तिथे चित्रपटाचा मध्य आहे. तार आल्यावर माणसे काय करतात? हा प्रश्न विचारण्याचे धाडस पटकथेने केले, उत्तर देण्याचे केले नाही. खरा हेर म्हणजे सुरुवातीपासून एल्साशी लाडीगोडी करणारा अमेरिकन तरुण मार्विन, असे निघते. पाठलाग कॉन्स्टँटिनोपलकडे जाणाऱ्या आगगाडीत पोहोचतो. आता त्याला मारायचे, आणि एल्सा म्हणते, पुन्हा नाही. पेच असा उत्कट झाला असताना आकाशातून ब्रिटिश विमाने येतात, गाडीवर बाँब पडतात, मार्विन मरणोन्मुख होतो, जनरल त्याला पाणी द्यायला वाकतो आणि त्याच्याच पिस्तुलाने मार्विन त्याला टिपतो. हेर मेला, मारेकरीही मेला, नायक-नायिकेचे हात स्वच्छ. आमच्या जुन्या संगीत नाटकांतही शेवटी विमान न येता देव येत असे. निदान तो प्रेक्षकांना ठाऊक असलेला देव होता. शेवटच्या दृश्यात आरच्या हाती एक कार्ड येते: सुखरूप पोहोचलो, पण पुन्हा कधीही नाही. खाली ‘श्री. व सौ. ॲशेंडेन’.

‘पुन्हा कधीही नाही’ हे त्या काळातील ब्रिटनचे जवळजवळ घोषवाक्य होते. चित्रपट मे १९३६ मध्ये आला. मार्चमध्ये हिटलरचे सैन्य ऱ्हाइनलँडमध्ये शिरले होते. त्या प्रेक्षकांना हे कार्ड कसे वाटले असेल, याचा विचार केला की त्यातील दुबळेपणाला थोडी क्षमा करावीशी वाटते.

पण हे सगळे लिहिताना भारतीय वाचक म्हणून एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. चित्रपट ‘चुकीच्या’ माणसाविषयी हळवा आहे. ‘योग्य’ माणूस कोण, हा प्रश्न त्याला पडत नाही. मॉमच्या संग्रहात ‘ज्यूलिया लझारी’ नावाची कथा आहे, जी चित्रपटात घेतलेली नाही. तिच्यात ज्याला सापळ्यात ओढायचे आहे तो चंद्रलाल नावाचा भारतीय क्रांतिकारक आहे. त्याचे एका इटालियन नर्तिकेवर प्रेम आहे. तिला तुरुंगाचा धाक घालून तिच्याकडून पत्रे लिहवून घेतली जातात. तो स्वित्झर्लंडचे सरोवर ओलांडून फ्रान्सच्या हद्दीत येतो, पकडला जातो आणि विष घेतो. मॉम त्याच्या छायाचित्राचे वर्णन करताना त्याच्या डोळ्यांना गाईच्या डोळ्यांची उपमा देतो. इंग्रजी वाचकाला तिच्यात मंदपणा दिसला असेल. आमच्याकडे ती उपमा वेगळीच लागते. जवळजवळ एकट्याने साम्राज्याशी झुंजणाऱ्या या माणसाबद्दल ॲशेंडेनच्या मनात आदर डोकावतो. आर तो झटकून टाकतो. कथेच्या शेवटी नर्तिका विचारते, मी त्याला नाताळात दिलेले घड्याळ मला परत मिळेल का? बारा पौंडांचे होते.

चंद्रलालच्या मागे वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय उभे आहेत असे अभ्यासक मानतात. सरोजिनी नायडूंचे बंधू, लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये सावरकरांच्या वर्तुळात वावरलेले, पुढे बर्लिनमधून भारतीय क्रांतिकारकांची समिती चालवणारे. ते कोणत्याही सरोवराकाठी मेले नाहीत. १९३७ साली, म्हणजे हा चित्रपट येऊन गेल्यानंतरच्या वर्षी, सोव्हिएत रशियात स्टालिनच्या दमनसत्रात त्यांना मृत्युदंड देण्यात आला. तिथेही आरोप शत्रूंशी संबंध ठेवल्याचाच असावा, असे त्या सत्राच्या रीतीवरून वाटते. ब्रिटिशांच्या दृष्टीने योग्य माणूस आणि स्टालिनच्या दृष्टीनेही योग्य माणूस. वर्गात आम्ही ही कथा चित्रपटाच्या जोडीला वाचतो. ती वाचली की केपॉरसाठी दाटलेला हुंदका तसाच राहतो, पण तो कोणासाठी राखीव ठेवला होता हे दिसू लागते.

आणि ती तारीख, १० मे १९१६. तिच्या अकरा दिवस आधी, २९ एप्रिलला, मेसोपोटेमियातील कुत येथे जनरल टाउनशेंडच्या सैन्याने १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर तुर्कांपुढे शरणागती पत्करली होती. सुमारे १३,००० माणसे कैदी झाली आणि त्यांत बहुसंख्य भारतीय होती. त्या सैन्याचे नाव सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणी होत्या. वाळवंटातून चालवत नेताना आणि छावण्यांत त्यांतले किती तरी गेले. ‘पूर्वेकडे अरबांना चिथावले जाऊ नये’ म्हणून ॲशेंडेनला ज्या आघाडीसाठी पाठवले जाते तिच्यावर लढणारे शिपाई सातारा-रत्नागिरीकडचेही होते. चित्रपटात त्यांचा उल्लेख नाही. असावा अशी अपेक्षाही नाही. पण त्या दिनांकाची पाटी पडद्यावर आली की आता आम्हांला दुसरेच काही दिसते, आणि ते विद्यार्थ्यांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गेल्या वर्षी चित्रपट दाखवून झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, केपॉरच्या बायकोला नंतर कोण सांगतं?” आम्ही दोघेही वर्गात होतो. फ्लोरेन्स कान या नटीने ही भूमिका फार संयमाने केली आहे. मॅक्स बीरबोमची ती पत्नी, एवढे सांगून आम्ही वेळ मारून नेली. पण प्रश्नाचे खरे उत्तर असे, की कोणीच सांगत नाही. कुत्रा सांगतो. एल्साला यातना होतात, ॲशेंडेनला लाज वाटते, दोघे एकमेकांना क्षमा करतात, राजीनाम्याची भाषा बोलतात, शेवटी कार्ड लिहितात. कार्ड आरला जाते. केपॉरच्या बायकोच्या दाराशी दोघांतले कोणीही जाऊन उभे राहत नाही, आणि पटकथेलाही ते आठवत नाही.

दाखला नेणाऱ्या त्या मुलाने सांगितल्यावर आम्हीही पत्र लिहिले होते. प्रकरण पुन्हा उघडावे असे प्राचार्यांना तोंडी सांगून पाहिले. सत्र संपले होते, निकाल लागले होते, चिठ्ठी आपली असल्याचे लेखी द्यायला तो मुलगा तयार नव्हता. मग आम्ही समितीतून मुक्त करावे अशी विनंती केली. चार ओळींचा अर्ज, दोघांच्या सह्या. तो लगेच मंजूर झाला. त्या वेळी आम्हांला बरेच हलके वाटले होते, हे आठवते.

ज्याची परीक्षा रद्द झाली त्याने महाविद्यालय सोडले होते. वर्गातल्या त्या प्रश्नानंतर आमच्यापैकी एक जण कार्यालयात गेला आणि जुन्या प्रवेश नोंदवहीतून त्याचा पत्ता काढून आणला. तालुक्याच्या गावापासून आत, एस.टी.ने दीड तासाचा रस्ता. पत्ता दंडाच्या ‘ल’मध्येच लिहिलेला होता, त्याच्या स्वतःच्या हातचा. दिवाळीच्या सुट्टीत जायचे असे ठरले होते. दिवाळी झाली. आता उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचे ठरले आहे, आणि जाऊन पहिले वाक्य कोणी बोलायचे यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.